वाचक विचारतात : नोंद करा, पण जागेसकट

गावातली पाणवठ्यांची नावं, देवराईतले आवाज, कातळावरची शिल्पं, आजीच्या ओव्या, जुने नकाशे हे सगळं संगणकात उतरवण्याचं काम आता विद्यापीठांपुरतं राहिलेलं नाही. शाळा, तरुण मंडळं आणि ग्रामपंचायतींच्या जैवविविधता समित्याही ते करताहेत. या विषयावर आलेल्या पत्रांपैकी काही इथे घेतली आहेत. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत आणि उत्तरं या क्षेत्रात काम करणाऱ्या जाणकारांची आहेत.

प्रश्न : आमच्या शिवारातल्या माळांची, ओढ्यांची, झऱ्यांची नावं फक्त जुन्या माणसांना ठाऊक आहेत. मंडळातल्या मुलांनी एक्सेलमध्ये यादी केली. पण गट नंबरच्या जागी तारखा दिसतात, काही नावं शोधून सापडत नाहीत आणि नकाशावर टाकलेले ठिपके भलतीकडेच जातात. (मुळशी तालुका)

हे तीन वेगळे बिघाड आहेत. पहिला एक्सेलचा. गट नंबर १२/३ असा टंकला की एक्सेल त्याची तारीख करतं. नंतर रकाना 'टेक्स्ट' केला तरी मूळ नंबर परत येत नाही, ४५३६३ सारखा पाच आकडी क्रमांक उरतो. म्हणून एकही अक्षर टंकण्याआधी तो रकाना निवडून 'टेक्स्ट' करायचा. बिघडलेले नंबर कागदावरच्या यादीवरून पुन्हा भरा, अंदाजाने दुरुस्त करू नका. फाइल जतन करताना 'सीएसव्ही यूटीएफ-८' हाच पर्याय घ्या. साधी सीएसव्ही घेतली तर देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हं येतात, आणि ती फाइल जतन झाली की आतली अक्षरं कायमची गेलेली असतात.

नावं न सापडण्याचं कारण बहुधा 'ऱ' आहे. कऱ्हा, दऱ्या, वाऱ्याचा माळ यातलं जोडाक्षर दोन प्रकारे टंकता येतं. काही कीबोर्ड 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर घेतात, तर काही साधा 'र', हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह घेतात. डोळ्यांना दोन्ही सारखंच दिसतं, संगणकाला ते दोन वेगळे शब्द वाटतात. 'ॲ'चंही तसंच. यादी पुरी झाली की एक रूप ठरवा आणि 'शोधा-बदला' वापरून सगळी फाइल एकसारखी करून घ्या. जुन्या श्रीलिपी किंवा कृतिदेव फॉन्टमधला मजकूर थेट चिकटवला असेल, तर तो आधी युनिकोडमध्ये बदलावा लागेल.

ठिपके भरकटण्याची कारणं दोनच असतात. अक्षांश-रेखांशांची अदलाबदल झाली, तर पुण्याजवळचं १८.५, ७३.८ हे ठिकाण नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात जाऊन पडतं. काही प्रणाली अक्षांश आधी मागतात. गूगल अर्थच्या केएमएल फाइलमध्ये मात्र रेखांश आधी असतो. दुसरं कारण अंश-मिनिटांचं. १८ अंश ३० मिनिटं म्हणजे १८.५, १८.३० नव्हे. एवढ्या फरकाने ठिपका सुमारे २२ किलोमीटर सरकतो. दशांशानंतर पाच आकडे पुरतात, कारण पाचवा आकडा साधारण एक मीटरचा असतो. फोनचं जीपीएस उघड्या माळावर पाचेक मीटरपर्यंत नेमकं असतं, दाट झाडीत किंवा घळीत त्याच्या दुप्पट-तिप्पट चुकतं. ॲप जी अचूकता दाखवतं तो आकडाही वेगळ्या रकान्यात लिहा. जागेवर पोचल्यावर लगेच ठिपका घेऊ नका, एक-दोन मिनिटं फोन स्थिर धरा.

आता रकाने. नाव (तोंडून येतं तसं), त्याच जागेचं दुसरं नाव, काय आहे (झरा, टेपाड, पांदण, गायरान), अक्षांश, रेखांश, अचूकता, गट नंबर, सांगणाऱ्याचा क्रमांक, तारीख, ध्वनिफितीचं नाव. सांगणाऱ्यांची खरी नावं वेगळ्या वहीत ठेवा, यादीत फक्त क्रमांक. पाण्याच्या जागांसाठी आणखी एक रकाना हवाच : पाणी कधीपर्यंत टिकतं. उत्तर 'होळीपर्यंत', 'अक्षय्य तृतीयेपर्यंत' असं आलं तर तसंच लिहा, त्याचा इंग्रजी महिना करू नका. आणि 'पूर्वी' व 'आता' असे दोन भाग ठेवा. पुढे पाणलोटाचं काम करणाऱ्याला सगळ्या यादीत याच रकान्याचा सर्वांत जास्त उपयोग होतो.

'उंबराचं पाणी' हे नाव 'उंबराचे पाणी' करू नका. एकाच ओढ्याला वरच्या अंगाला एक नाव आणि खाली वाडीजवळ दुसरं असतं, ही चूक नाही. अशा वेळी एक ठिपका न टाकता ओढ्याची रेघ काढा आणि जिथे नाव बदलतं तिथे ती तोडा. नावं गोळा करायला चावडीवर बैठक घेऊन भागत नाही. डोंगराची नावं गुराख्याबरोबर चालल्यावर मिळतात आणि पाण्याची नावं बायकांना विचारल्यावर. एकाच जागेची दोन नावं पुढे आली, तर दोन्ही ठेवा. जांभूळमाळ म्हणजे तिथे पूर्वी जांभळी होत्या, असा निष्कर्ष मात्र नावावरून काढू नका. शेजारच्या दोघा-तिघांना विचारा, खोडं किंवा रोपं दिसतात का पाहा, मग लिहा.

ही नावं ओपनस्ट्रीटमॅप या सगळ्यांनी मिळून बनवलेल्या खुल्या नकाशावर चढवायची असतील तर जरूर चढवा. मूळ नावाच्या खान्यात देवनागरी चालते, दुसऱ्या नावासाठीही वेगळा खाना आहे. पण गूगलच्या नकाशावर बघून तिथे काहीही उतरवायचं नाही, परवान्यानुसार ते चालत नाही. स्वतः चालून घेतलेलीच माहिती द्या.

प्रश्न : व्हॉट्सॲपवर मुलांनी पाठवलेल्या झाडांच्या फोटोंत ठिकाण दिसत नाही. फोनमध्ये लोकेशन चालू होतं. (नांदेड)

व्हॉट्सॲप फोटो दाबून लहान करताना त्यातली ठिकाणाची माहिती काढून टाकतं. फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा, किंवा केबलने थेट उतरवून घ्या. कॅमेऱ्याच्या सेटिंगमधली 'लोकेशन टॅग' ही खूणही चालू असावी लागते. फोनचं लोकेशन चालू असणं पुरेसं नाही. आधीच आलेल्या फोटोंचं ठिकाण आठवणीने भरायचं असेल, तर अचूकतेच्या रकान्यात '१०० मीटर' किंवा 'अंदाजे' असं लिहून मगच भरा.

प्रश्न : भूमी अभिलेख कार्यालयातून जुन्या गावनकाशाची प्रत मिळाली. क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये उपग्रहचित्रावर बसवली तर गावठाणाजवळ जुळते, पण शिवेकडे ३०-४० मीटर सरकते. जास्त बिंदू घेतले तर कडा आणखी वाकड्या होतात. (सातारा जिल्हा)

हा नकाशा साखळीने मोजून काढलेला असतो, अक्षांश-रेखांश बघून नाही. मुंबई इलाख्यातली साखळी ३३ फुटांची, तिचे १६ आणे. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद जागा म्हणजे एक गुंठा. नकाशावर '१ इंच = २० साखळ्या' असं लिहिलं असेल तर एक इंच म्हणजे ६६० फूट. त्यात कापडी पाठीचा कागद दमट हवेत ताणला जातो, घड्यांवर चिरतो आणि झेरॉक्समध्ये एका दिशेने थोडा लांबतो. हे सगळं मिळून कडेचा घोळ होतो.

पहिलं काम प्रतीचं. झेरॉक्सची झेरॉक्स घेऊ नका. मूळ नकाशा सपाट स्कॅनरवर ३०० डीपीआयला स्कॅन करून मागा. ते जमलं नाही तर काच ठेवून वरून, कॅमेरा कागदाला अगदी समांतर धरून फोटो घ्या.

मग बिंदू. तीन गावांच्या शिवा मिळतात तो दगड, जुन्या विहिरी, देवळाचा जोता, न हललेल्या बांधांचे कोपरे हे चांगले. ओढ्याचं वळण, रस्त्याची कड, मोठं झाड हे घेऊ नका. बारा ते पंधरा बिंदू घ्या आणि त्यातले निम्मे तरी नकाशाच्या कडांना असू द्या. तुमचे बिंदू गावठाणाभोवती गोळा झाले असणार, म्हणूनच मध्यभाग जुळतो आणि शिव सरकते. शक्य तेवढ्या बिंदूंवर स्वतः जाऊन जीपीएस घ्या, कारण उपग्रहचित्रही काही मीटर सरकलेलं असू शकतं. यातले चार बिंदू बाजूला ठेवा, बसवण्यासाठी वापरूच नका. तुमची परीक्षा त्यांच्यावर होणार आहे.

क्यूजीआयएसच्या जिओरेफरन्सर या नकाशा बसवण्याच्या साधनात पहिल्या घाताच्या बहुपदीला (नकाशा ताणून बसवण्याच्या सूत्राला) किमान ३ बिंदू लागतात, दुसऱ्याला ६, तिसऱ्याला १०. नेमके तेवढेच बिंदू दिले तर चूक शून्य दिसते, पण ती खोटी शून्य आहे. तिसरा घात बिंदूंच्या दरम्यान नकाशा वाकवतो, तुमच्या वाकड्या कडा त्यातूनच आल्या. पहिल्या घातापासून सुरुवात करा. घडीमुळे एखादा पट्टाच सरकला असेल तर 'थिन प्लेट स्प्लाइन' वापरा. तिथेही दाखवलेली चूक शून्यच असते, कारण ती पद्धत प्रत्येक बिंदूतून जातेच. खरा आकडा बाजूला ठेवलेल्या चार बिंदूंचा. तो १० मीटरच्या आत आला तर काम उत्तम झालं. प्रक्षेपण (गोल पृथ्वी सपाट नकाशावर मांडण्याची पद्धत) मीटरचं निवडा : ७८ अंश रेखांशाच्या पश्चिमेला ईपीएसजी ३२६४३, नागपूर-गडचिरोलीकडे ३२६४४.

एवढं झाल्यावर जिथे ओढा जुळत नाही तिथे लगेच नकाशा ओढून बसवू नका. बाकीचे बांध जुळत असतील आणि ओढाच सरकलेला असेल, तर तो खरोखर सरकला आहे किंवा सरकवला गेला आहे. पाझर तलाव, रस्त्याची मोरी, वाळूउपसा, ओढा बुजवून केलेलं शेत यातलं काय झालं ते गावात विचारा. जुना नकाशा बसवण्याचा खरा फायदा इथेच आहे. पण ही प्रत घेऊन कोणी बांधाच्या भांडणात उतरू नये. हद्दीचा निवाडा सरकारी मोजणीनेच होतो.

प्रश्न : आमच्या सड्यावर (उघड्या सपाट कातळावर) कातळशिल्पं आहेत. मोबाइलने त्रिमितीय प्रतिमा करायची आहे. खोदरेषा नीट दिसाव्यात म्हणून आधी माती-गवत काढून खडू भरावा का? (राजापूर तालुका)

खडू नको, रंग नको, पाणी ओतणं नको. आणि माती काढण्याआधी थोडं थांबा.

कोकणातली कातळशिल्पं जांभ्याच्या सड्यांवर आहेत. उक्षी, जांभरुण, कशेळी, रुंढे तळी, देवीहसोळ, बारसू, देवाचे गोठणे, कुडोपी आणि गोव्यातलं फणसायमळ अशी नऊ स्थळं २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. पण तो सडा रिकामा खडक नाही. पावसाळ्यात त्याच्या खळग्यांत गेंद, सीतेची आसवं, दीपकाडी अशा वनस्पती उगवतात, आणि त्या ज्या बोटभर मातीत उगवतात तीच माती शिल्पांच्या चरांतही साठलेली असते. बिया आणि कंद तिच्यात उन्हाळाभर पडून असतात. चर खरवडून काढला तर शिल्प चार दिवस छान दिसतं, पण वनस्पतींची एक पिढी जाते आणि उघड्या पडलेल्या कडा झिजायला लागतात. खडूची भुकटी छिद्राळ जांभ्यात कायमची मुरते. शिवाय ज्याने खडू भरला त्याला जी रेषा वाटली तीच पुढच्यांना दिसते. माती काढायचीच असेल तर तो निर्णय पुरातत्त्व विभाग आणि जमीनमालक यांचा आहे. बहुतेक सडे खाजगी मालकीचे आहेत, म्हणून परवानगी आधी घ्या.

वेळ निवडताना डिसेंबर ते एप्रिल बघा. तेव्हा गवत वाळून बसलेलं असतं. हलणारं गवत प्रत्येक फोटोत वेगळं दिसतं आणि सॉफ्टवेअरला जुळणारे बिंदू सापडत नाहीत. ओला कातळ चमकतो, तिथे प्रतिमेला भोकं पडतात. गवत पेटवून जागा मोकळी करण्याची सूचना कोणी केली तर ठाम नाही म्हणा.

उजेडाचं गणित दोन प्रकारचं आहे. रेषा उठून दिसणारा एकच फोटो हवा असेल तर सूर्योदयानंतरचं तिरपं ऊन घ्या. त्रिमितीय प्रतिमेसाठी मात्र सावलीच नको. ढगाळ दिवस किंवा सूर्योदयाआधीचा सपाट उजेड निवडा आणि सगळं काम अर्ध्या तासात संपवा. काम लांबलं तर पहिल्या आणि शेवटच्या फोटोंतल्या सावल्या जुळत नाहीत आणि प्रतिमेत शिवण दिसते.

आता आकडे. कशेळीच्या हत्तीइतकं, म्हणजे १८ बाय १३ मीटरचं शिल्प धरू. सगळीकडून एक मीटर जास्त घ्या, म्हणजे २० बाय १५. हलक्या बांबूला मोबाइलचा पक्का पकडा लावून फोन ४ मीटर उंचीवर सरळ खाली तोंड करून धरला, तर साध्या मुख्य कॅमेऱ्यात सुमारे ५.३ बाय ४ मीटर जागा मावते. फोटोची छोटी बाजू चालण्याच्या दिशेला ठेवून दर एक मीटरला एक फोटो घेतला की लागोपाठच्या फोटोंत तीन चतुर्थांश भाग सामायिक राहतो. शेजारच्या ओळीत १.८ मीटर अंतर ठेवा. नऊ ओळी, प्रत्येकीत वीस-एकवीस फोटो, म्हणजे १८०-१९०. त्यावर कडेने तिरपे तीसेक घ्या, नाहीतर सपाट कातळ प्रतिमेत बशीसारखा वाकलेला येतो. झूम वापरू नका, वाइड लेन्सवर जाऊ नका. फोकस आणि उजेड सुरुवातीलाच कुलूपबंद करा. फोन आपोआप 'सुंदर' करतो ते सगळे पर्याय बंद. बांबू धरणाऱ्याने अनवाणी किंवा मऊ तळव्याच्या चपला घालून चरांच्या बाहेरून चालायचं.

मापासाठी काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या एक मीटरच्या दोन काठ्या शिल्पाशेजारी ठेवा. कोपऱ्यांना कागदी खुणा ठेवा, त्यांवर खडा, खिळा नाही. खुणांमधली चार अंतरं टेपने मोजून वहीत लिहा. दोन अंतरांवरून प्रतिमेला माप द्या आणि उरलेल्या दोनांवर तपासा. फरक एक सेंटिमीटरच्या आत असावा. दिशा होकायंत्राने घेऊ नका. देवाचे गोठणे इथल्या कातळावर होकायंत्र भरकटतं, हे तिथे जाणारे सगळेच दाखवतात. दोन टोकांचे जीपीएस बिंदू लांब अंतरावर घ्या आणि त्यावरून दिशा काढा.

फोटोंच्या जोडणीसाठी वेबओडीएम हे सॉफ्टवेअर फुकट आहे. अडीचशे फोटोंना साधारण १६ जीबी रॅम लागते. संगणक लहान असेल तर शिल्पाचे दोन भाग करा, पण दोन्हींत किमान तीन ओळी सामायिक ठेवा. मेशरूम या दुसऱ्या सॉफ्टवेअरला एनव्हिडियाचं ग्राफिक्स कार्ड हवं. ड्रोन वापरायचा असेल तर ड्रोन नियम २०२१ लागू आहेत, आधी डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळाच्या नकाशावर ती जागा कोणत्या क्षेत्रात येते ते पाहा. एवढ्या आकाराच्या शिल्पाला बांबूच बरा.

आणि त्याच बांबूने, त्याच ओळींवरून ऑगस्टमध्ये पुन्हा एकदा फोटो घ्या. पाणी भरलेलं असेल, प्रतिमा जुळणार नाही, हरकत नाही. कोणत्या चरात काय उगवतं याची ती नोंद असेल. शिल्प आणि सडा ही एकच नोंद मानून दोन्ही फाइली एकाच ठिकाणी ठेवा.

प्रश्न : देवराईतले आवाज वर्षभर नोंदवायचे आहेत. मोबाइल पुरेल का? कोणतं यंत्र घ्यावं? (भोर तालुका)

माणूस स्वतः उभा राहून दहा-दहा मिनिटांच्या नोंदी घेणार असेल तर मोबाइल पुरतो. मात्र डब्ल्यूएव्ही स्वरूप देणारं ॲप घ्या. एमपीथ्री वरच्या पट्टीतले आवाज कापतं आणि किड्यांचे बरेच आवाज तिथेच असतात. वर्षभर ठेवायचं असेल तर ऑडिओमॉथ हे छोटं यंत्र जगभर वापरलं जातं. ते तीन डबल-ए सेलवर चालतं आणि मायक्रो एसडी कार्डावर लिहितं.

४८ किलोहर्ट्‌झला एका मिनिटाची फाइल ५.७६ एमबी होते. दर अर्ध्या तासाला पाच मिनिटं नोंद ठेवली तर दिवसाला १.४ जीबीच्या आत, म्हणजे ३२ जीबीचं कार्ड तीन आठवडे जातं. ४८ किलोहर्ट्‌झमध्ये २४ किलोहर्ट्‌झपर्यंतचे आवाज येतात. पक्षी, बेडूक आणि बहुतेक किड्यांना ते पुरतं; वटवाघळांसाठी २५० वर जावं लागेल, आणि मग कार्ड पाचपट लवकर भरेल.

सगळ्यांत जास्त नोंदी वाया जातात त्या घड्याळामुळे. यंत्राला वेगळं सांगितलं नाही तर ते जागतिक वेळ वापरतं, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. पहाटे सहाची किलबिल फाइलवर रात्री साडेबारा म्हणून येते. सेल काढले की घड्याळ पुसलं जातं, म्हणून सेल बदलल्यावर दर वेळी वेळ पुन्हा लावायची. पावसात यंत्राभोवती पेटी हवी, आत सिलिका जेलची पुडी, आणि माइकचं भोक खाली किंवा बाजूला. सुतळीने बांधा, छाती-डोक्याच्या उंचीवर, पानं घासणार नाहीत अशा खोडाला. झाडाला खिळा मारायचा नाही. देवराईत तर वाळकी काटकीही नेत नाहीत असे नियम गावोगाव आहेत, तेव्हा यंत्र बांधण्याआधी गुरवाला आणि ग्रामसभेला विचारायचं. कोणत्या दिवशी यंत्र बंद असावं तेही ठरवून घ्यायचं. जत्रा आणि खाजगी नवस यांच्या दिवशी ते नसलेलंच बरं. जागेवर पाटी लावा. माणसांचं बोलणं आलेले तुकडे ऐकून काढून टाका.

बर्डनेटसारखं सॉफ्टवेअर पक्ष्यांची यादी देतं, पण ती यादी म्हणजे नोंद नव्हे. मुसळधार पाऊस, रातकिडे आणि बेडूक यांच्या कोलाहलात ते हमखास फसतं. प्रत्येक जातीची सगळ्यांत जास्त विश्वासांकाची (सॉफ्टवेअरला सगळ्यांत जास्त खात्री असलेली) पाच-दहा उदाहरणं कानाने ऐका, ऑडासिटी या आवाजाच्या सॉफ्टवेअरमध्ये त्यांचं वर्णपट-चित्र पाहा, आणि जाणकाराने होय म्हटलं तरच जात लिहा. १९७० च्या दशकात वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी देवरायांचा अभ्यास केला, तेव्हा हे आवाज टिपले गेले नव्हते. आज घेतलेली एका वर्षाची नीट नोंद पुढच्या अभ्यासाला पायाची ठरते. म्हणून यंत्राची जागा, उंची, तोंडाची दिशा आणि सेटिंग दर वर्षी तेच ठेवा. त्यात एक जरी बदललं तरी दोन वर्षांची तुलना करता येत नाही.

प्रश्न : कंदीलपुष्प ही दुर्मिळ वनस्पती सापडली. आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर टाकली तर लोक उपटून नेतील अशी भीती वाटते. (नाशिक जिल्हा)

भीती खरी आहे. त्या संकेतस्थळावर ठिकाण 'उघड', 'धूसर' आणि 'खाजगी' ठेवता येतं. धूसर केलं की ठिपका ०.२ अंशाच्या चौकोनात, म्हणजे साधारण वीसेक किलोमीटरच्या टापूत कुठेही दाखवला जातो. धोक्यातल्या म्हणून नोंदलेल्या जातींसाठी हे आपोआप होतं, पण वनस्पती ओळखली गेल्यावर. ओळख पटेपर्यंत तुमचा नेमका ठिपका सगळ्यांना दिसतो. म्हणून चढवतानाच स्वतः 'धूसर' निवडा. मग फोटो पाहा : मागे किल्ल्याचा बुरूज किंवा ओळखीचा सुळका दिसत असेल तर कापा. वर्णनात वाडीचं नाव लिहू नका. आदल्या-नंतरच्या नोंदी उघड ठेवल्या तर त्यांच्या वेळेवरूनही जागा काढता येते, म्हणून त्या फेरीतल्या सगळ्याच नोंदी धूसर ठेवा.

नेमकी नोंद मात्र फेकू नका. जैवविविधता कायदा २००२ प्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीची जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही असते. पूर्ण अक्षांश-रेखांश तिथे द्या. बाहेर जाणाऱ्या यादीत दशांशानंतर एकच आकडा ठेवा. देवळातल्या जुन्या मूर्ती आणि 'धन पुरलंय' अशी ज्यांची ख्याती आहे त्या जागा यांनाही हाच नियम लावा.

प्रश्न : आजी आणि तिच्या मैत्रिणींच्या ओव्या रेकॉर्ड केल्या आहेत. त्यातल्या झाडा-नद्यांचा नकाशा करता येईल का? (बीड)

करता येईल, पण ठिकाणाचे दोन रकाने हवेत : ओवी कुठे गायली गेली आणि ओवीत कोणतं ठिकाण आलं. हेमा रायरकर आणि गी पॉइटवां यांच्या पुढाकाराने जमलेल्या एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या आता 'पारी' (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) या संस्थेच्या संकेतस्थळावर आहेत. तिथे गाणारी आणि तिचं गाव ओवीला जोडलेलं आहे, म्हणून त्या संग्रहाचा अभ्यास करता येतो. दोन रकाने एक केले तर नकाशावर सगळी गर्दी पंढरपूर आणि आळंदीला होईल. चंद्रभागा आणि इंद्रायणी गावोगावच्या ओव्यांत येतात, त्यावरून गाणारीच्या शिवारातलं पाणी कळत नाही. शिवार कळतं ते बांध, बाभळ, मोट, ओढा, रानातली वाट अशा बिननावाच्या उल्लेखांतून. त्यांची वेगळी यादी करा आणि हे नेमकं कुठलं ते गाणारीलाच विचारा.

रेकॉर्डिंग दोनदा घ्या. एकदा जातं फिरत असताना, लय आणि घरघरीसाठी. एकदा जात्याशिवाय, शब्दांसाठी. लेखन बोलीतच ठेवा, प्रमाण रूप हवं तर शेजारच्या रकान्यात. संमती आवाजातच नोंदवा : कोणाला ऐकवायचं, नाव द्यायचं की नाही, नंतर काढून टाक म्हटलं तर काढणार का. सासर-माहेरच्या ओव्यांत घरातल्या माणसांची नावं येतात. ती ऐकून झाल्यावर संमती पुन्हा विचारा.

प्रश्न : हे सगळं ठेवायचं कुठे? वाडीत नेटवर्क नीट नाही आणि मंडळाकडे दरवर्षी सर्व्हरचं भाडं भरायला पैसे नाहीत. (अकोले तालुका)

मग सर्व्हरवर चालणारी वेबसाइट करूच नका. साध्या एचटीएमएल पानांची करा. ती पेनड्राइव्हवरूनही उघडते, मेमरी कार्डावरून फोनमध्येही चालते. नकाशासाठी लीफलेट हे साधन अवघं ४० केबीच्या आसपास आहे. मागचा नकाशा ओपनस्ट्रीटमॅपच्या सर्व्हरवरून घाऊक उतरवायला परवानगी नाही. गावापुरता तुकडा क्यूजीआयएसमध्ये स्वतः बनवा. पानावरचे फोटो २०० केबीच्या आत, आवाज मोनो ६४ केबीपीएसला, म्हणजे मिनिटाला अर्धा एमबी. फिरता फिरता ऐकण्याची वाट, म्हणजे जागेवर पोचलं की फोनमध्ये आपोआप आवाज सुरू होणारी, बनवत असाल तर आवाज सुरू होण्याचं वर्तुळ किमान २० मीटर त्रिज्येचं ठेवा, नाहीतर घळीत जीपीएस हलल्याने तो मध्येच तुटतो. मूळ डब्ल्यूएव्ही आणि मोठे फोटो या पानांत घालायचे नाहीत.

मूळ फाइलींच्या तीन प्रती करा, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यातली एक गावाबाहेर. एक प्रत ग्रामपंचायतीत किंवा शाळेत राहिलीच पाहिजे, कारण ज्यांनी सांगितलं त्यांना ते मागायला शहरात जावं लागू नये. फाइलींची नावं इंग्रजी आकड्यांत तारीख आधी ठेवून द्या, जागेचा क्रमांक नंतर. काही जुन्या यंत्रांवर देवनागरी नावं मोडतात. सोबत साधी टेक्स्ट फाइल ठेवा : प्रत्येक रकान्याचा अर्थ, कोणी केलं, कोणती नोंद बाहेर द्यायची नाही. ती फाइल छापून नोंदवहीलाही टाचा. पेनड्राइव्ह कपाटात पडून राहिला तर आतला डेटा हळूहळू जातो, म्हणून दरवर्षी ग्रामसभेच्या आधी तो उघडून पाचेक फाइली ऐकून-पाहून घ्या आणि दर चार-पाच वर्षांनी सगळं नव्या साधनावर उतरवा.